पहिल्या खोलीतले चाचा

दुसऱ्याचं बोलणं सांगताना चाचा 'तो म्हणतो', 'ती म्हणते' असं कधीच म्हणत नसत. सरळ 'मी' म्हणत. समोरचा म्हातारा अरबीत बोले आणि जन्मात तुरुंगाची पायरी न चढलेले आमचे रत्नागिरीचे चाचा शांतपणे इंग्रजीत सांगत, "मला उलटं टांगलं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे हात टाइपरायटरवरच थबकले. दुभाष्याने असंच बोलायचं असतं, हे मागाहून कळलं.

आखाती युद्धाचे दिवस. इराकी फौजा घुसल्यावर कुवेतमधून पळून आलेल्यांच्या जबान्या घ्यायला परदेशी वकिलांनी सौदीतल्या ताइफमध्ये कचेरी थाटली होती. उद्या आंतरराष्ट्रीय न्यायालय बसलंच, तर खटला तयार हवा. पहिल्या खोलीत जबानी, दुसरीत तिची पडताळणी आणि तिसरीत कोणावर कोणता आरोप ठेवायचा ते ठरे. एका खोलीतल्याने दुसरीत डोकवायचं नाही आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ होती. आम्ही दोघं पहिलीतले. "आपण उंबऱ्यावरची माणसा," चाचा म्हणत. "आत काय शिजता ते इचारू नये."

एरवी माणूस मोठा गमत्या. माझ्या चहाला 'काढा' म्हणून नावं ठेवत आणि वर दुसरा कप मागत.

मग एक बाई आली, भावाला घेऊन. "माझ्या मुलाला भरल्या ताटावरून उठवून नेलं," चाचा तिचं बोलणं सांगू लागले. "त्याचा हातसुद्धा खरकटाच होता." जाताना तिने चाचांना विचारलं, मुलगा सापडेल ना? आश्वासन द्यायला मनाई होती. तेव्हापासून चाचांच्या ताटात भात उरू लागला.

युद्ध संपलं, कचेरी उठली. त्या जबान्यांवर खटला उभा राहिल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पुष्कळ वर्षांनी चाचा गेल्याचं कळलं, म्हणून त्यांच्या गावी गेलो. चाचींनी मला बाजूला बोलावलं. शेवटच्या तापात ते एकच घोकत होते म्हणे, माझ्या मुलाला ताटावरून नेलं.

"आमाला सगळ्या पोरीच," चाची म्हणाल्या. "खरा सांगा भाऊ, तिकडे यांचा दुसरा घर होता का?"

चाचांनी बायकोपाशीही शपथ मोडली नव्हती. मला मात्र ती पाळवेना. मी सगळं सांगितलं. चाची डोळ्यांना पदर लावून बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "मग त्या बाईला पोरगा गावला का?"

मला ठाऊक नव्हतं. आम्ही पहिल्या खोलीतले होतो.