बीस साल से अलग

चहा आधी संपवा, मग सांगतो. ऐकताना कप हातात असला तर सांडायचा. देवासच्या शाळेत मी बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं. शब्द नीट वापरा म्हणून किती पोरांचे कान पिळले असतील, देव जाणे. आणि माझी फजिती झाली ती एका साध्या शब्दापायी.

झालं असं, की आमची लेक मृणाल कॅनडात असते. तिला सातवा महिना लागला होता आणि बाळंतपणाला आम्ही दोघांनी यावं हा तिचा हट्ट. हिचा, म्हणजे सुनंदाचा, व्हिसाचा अर्ज तिने तिथूनच भरला. माझाही भरणार होती. पण मी कसला ऐकतो? म्हटलं, ''राहू दे. आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म भरून दिलेत, माझा मी बघतो.''

बघतो म्हणजे काय, तर लोकेशच्या दुकानात गेलो. लोकेश माझा जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा. ऑनलाइन फॉर्म भरायचं त्याचं दुकान आहे.

''सर, शादी तो हुई है ना?''

''ये क्या पूछने की बात है, भिया?''

''नहीं, फॉर्म आगे पूछ रहा है. साथ में हो कि अलग?''

आता तुम्हीच सांगा, आमच्या माळव्यात 'अलग' कोणाला म्हणतात? भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या की माणूस अलग होतो. घरात आम्ही त्याला विभक्त म्हणतो. माझे थोरले बंधू, दादा, आमच्याच गल्लीत राहतात, पण चूल वेगळी. मी ऐटीत सांगितलं, ''अलग. बीस साल हो गए.''

लोकेशचा हात माऊसवरच थांबला. ''बीस साल? तारीख मांग रहा है.''

''गुड़ी पड़वा डाल दे. मुहूर्त निकालकर अलग हुए थे, पूजा करके.''

त्याने मोबाइलवर त्या वर्षीचा पाडवा शोधला. मग हळूच विचारलं, ''झगड़ा हुआ था?''

''बिलकुल नहीं. उस दिन सबने साथ बैठकर श्रीखंड खाया.''

''अब बोलचाल है?''

''रोज की. त्योहार पर अपनी थाली उधर ही लगती है.''

लोकेशने मला हात जोडले. म्हणाला, ''सर, आप जैसे लोग अब नहीं रहे.'' मला वाटलं, चला, मास्तरांबद्दल आदर अजून शिल्लक आहे. मी खूश होऊन घरी आलो.

तीन आठवड्यांनी तिकडून पत्र आलं. बायको म्हणते विवाहित, नवरा म्हणतो विभक्त, खुलासा करा. पाठोपाठ मृणालचा फोन, पत्राची प्रत तिलाही गेली होती. रडत होती.

''बाबा, खरं सांगा. तुम्ही आणि आई वीस वर्षं फक्त माझ्यासाठी एका घरात राहिलात?''

मी परोपरीने नाही म्हटलं. तिला या दिवसांत रडवलं म्हणून स्वतःचाच राग आला. शेवटी तिनेच पत्रात दिलेली अर्जातली तारीख वाचली. ''बाबा, हा तर पाडवा. तेव्हा आपण मोठ्या काकांपासून वेगळे झालो होतो.''

फोन स्पीकरवर होता. सुनंदा भाजी निवडत सगळं ऐकत होती. मान वर न करता म्हणाली, ''वीस वर्षं विभक्त. मग मी डबे कोणाचे भरत होते?''

आता दुरुस्तीसाठी लग्नाचा दाखला हवा. आमचं लग्न धारला झालं, हिच्या माहेरी. तेव्हा दाखला कोण काढत होतं? गेलो धारला. तिथला बाबू म्हणाला, ''शादी को चौंतीस साल हो गए, अब याद आई?''

''मेरे को तो याद थी,'' सुनंदा म्हणाली, ''इनको बीस साल से भूल पड़ गई.''

शिवाय आम्ही दोघं एकत्र राहतो असं प्रतिज्ञापत्र हवं, आणि त्यावर जवळच्या नातेवाइकाची साक्ष. जवळचे कोण? दादा. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. ''म्हणजे माझ्यापासून वेगळा झालास तू, आणि तू एकत्र आहेस ही साक्ष द्यायची मी?'' सही केली, पण पेन परत देताना हसत होते.

एवढं करूनही काय झालं? हिचा अर्ज पहिल्यापासून सरळ होता, तिला व्हिसा मिळाला. माझ्या अर्जाचा विचार अजून चालूच आहे. बाळंतपण थोडंच थांबणार होतं? हिला इंदूरला विमानात बसवून मी एकटा परत आलो. नात झाली. मी तिला फक्त फोनवर पाहिलंय. आतून फार वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मी परतलो त्याच दिवशी वहिनी दारात आल्या. ''भाऊजी, एकट्यासाठी काय चूल पेटवता? दोन्ही वेळा तिकडेच जेवायचं.'' तेव्हापासून दादांकडेच जेवतो.

परवा रस्त्यात लोकेश भेटला. त्याला आता सगळं कळलंय. कान पकडून म्हणाला, ''सर, माफ करना. आपका स्टेटस एक बार फिर देख लूं?''

मी म्हटलं, ''रहने दे भिया. भाई के साथ हूं, बीवी से अलग. अब जाके तेरा फॉर्म सही हुआ.''