गुरुवारची जास्तीची माळ

ऑक्टोबर लागायच्या आधी मी वेळापत्रक करते. कोणत्या दिवशी कुणाच्या घरी माळेची प्रार्थना, मूर्ती कोण नेणार, सतरंजी कुणाची, नुसता चहा की सोबत पोहे. भोर-वेल्ह्याच्या आमच्या भागात कॅथलिक घरं बोटांवर मोजण्याइतकी. भोरला आमचं, भोंगवलीला एका नर्सबाईंचं, मार्गासनीला शिक्षक नवरा-बायकोचं आणि कापूरहोळच्या फाट्यावर गॅरेजवाल्यांचं. चर्चला जायचं तर पुणं गाठावं लागतं. फादर आमच्याकडे महिन्यातून एकदा येतात. म्हणून ऑक्टोबरात, माळेच्या महिन्यात, मरियामातेची मूर्ती घरोघर फिरते आणि तिच्यामागे आम्ही.

माळ चालवतात माझे सासरे, आबा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. इंजिनाच्या आवाजावर मात करायची सवय घशाला लागली ती लागलीच. त्यांनी ‘नमो मरिया’ सुरू केलं की रस्त्यावरच्या माणसालाही कळतं, आत प्रार्थना चालू आहे.

माळ म्हणताना एका मण्याला एक ‘नमो मरिया’, आणि दर दहा मण्यांना येशू आणि मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा असतो. त्याला रहस्य म्हणतात. पूर्वी रहस्यं पंधरा होती: पाच आनंदाची, पाच दुःखाची, पाच गौरवाची, आणि त्यांचे वार ठरलेले. मग एका पोपसाहेबांनी प्रकाशाची आणखी पाच सुचवली आणि त्यांना गुरुवार दिला. आबांनी काही तो दिला नाही. त्यांचा गुरुवार आनंदाचाच राहिला.

इतकी वर्षं कुणी हरकत घेतली नव्हती. मग कापूरहोळच्या गॅरेजवाल्यांच्या घरात सून आली. लग्नाआधी ती पुण्यात लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायची. गेल्या वर्षी पहिल्याच गुरुवारी तिनं आबांना मध्येच थांबवलं.

“आबा, आज प्रकाशाची असतात.”

“आमच्यात न्हाई. बायबलात दीडशे स्तोत्रं, माळेत दीडशे नमो मरिया. हिशेब बसलेला हाय.”

“पण बारा वर्षांचा येशू देवळात सापडतो आणि पुढच्या रहस्यात तो थेट मरणाच्या आदल्या रात्री बागेत. मधलं जगणं कुठं गेलं?”

“जगणं आपलं आपण करतोच की. जन्म, मरण, पुन्हा उठणं, ह्येच्यासाठी माळ लागती.”

लोक हसले. तिथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिला शिकवायची सवय.

“मग दहा मणी झाले की तुम्ही ‘हे माझ्या येशू’ म्हणता, तेही नंतरच जोडलंय.”

“ते माझ्या आईनं म्हटलंय.”

“तुमच्या आईच्या आजीनं नव्हतं म्हटलं.”

आबा उठले. चप्पल घातली आणि गाडीत जाऊन बसले. आई काढायला नको होती. हे तिलाही लगेच कळलं. पण आबांची मान वळेना आणि तिची जीभ.

त्या दोघांचं बोलणं बंद झालं, तशी मी वेळापत्रकाला कामाला लावलं. गुरुवारी कापूरहोळ येणार नाही अशी बेतानं मांडणी केली. फादरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “दोन्ही चालतं. नवी रहस्यं सुचवलेली आहेत, सक्ती नाही.”

“फादर, दोन्ही चालतं म्हटल्यावर माझ्या कागदावर काय लिहू?”

ते नुसते हसले.

महिना संपत आला आणि तिचा फोन आला. गर्भाशयाची पिशवी काढायची ठरली होती. ऑपरेशन शुक्रवारी, पुण्याला.

“ताई, गुरुवारी माळ माझ्याकडे ठेवा. आणि आबांनीच चालवायला हवी.”

“आबांनी? तूच तर...”

“भांडायला मला कुणीही चालतं. पण मला भीती वाटतेय. अशा वेळी त्यांचाच आवाज हवा.”

“आणि रहस्यं कोणती?”

ती म्हणाली, “गुरुवार आहे ना.”

भीती वाटत होती, तरी तसूभर मागे सरकायची तयारी नव्हती. मी आबांना जसंच्या तसं सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, “बघू.” आबांच्या ‘बघू’चं काहीही होऊ शकतं. मी नर्सबाईंना तयार राहायला सांगून ठेवलं. आबा आले नाहीत तर माळ त्या चालवणार होत्या. पण त्यांचा आवाज बारीक, आणि त्या घरात त्या दिवशी कोणता आवाज हवा होता ते मला माहीत होतं.

गुरुवारी दुपारी आबा परसात पाठमोरे बसून बराच वेळ पुटपुटत होते. मी मूर्ती, मेणबत्त्या, सतरंजी गाडीत भरली. मग ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पुढच्या सीटवर बसले.

कापूरहोळला तिच्या शेजारची बौद्ध बाई दर वर्षी येते, मागं भिंतीला टेकून बसते, चहा वाटायला मदत करते. आबांना बघून ती म्हणाली, “आबा, आज भांडण हाय का न्हाई? म्या सैपाक टाकून आले.”

“चहा टाक आधी,” आबा म्हणाले. मग गॅरेजवाल्यांच्या सुनेकडे न बघताच तिला म्हणाले, “हे बघ पोरी. आनंदाची पाच म्या घरी म्हणून आलोय. माझी गुरुवारची माळ झाली. आता ही जास्तीची. तुझ्यासाठी.”

“जास्तीची नाही आबा, गुरुवारची हीच...”

“उद्या आपरेशन हाय ना? मग गप बस. रहस्य तू सांग, मणी म्या ओढतो. तुझी ती पाच मला येत न्हाईत.”

तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं आणि पहिलं रहस्य सांगितलं, यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा. दुसरं काना गावचं लग्न. हे माझं आवडतं. भर लग्नात द्राक्षारस संपलाय हे यजमानांच्या आधी मरियेच्या लक्षात येतं आणि ती गाजावाजा न करता योग्य माणसाच्या कानावर घालते. पंगती सांभाळलेल्या कुठल्याही बाईला ती घरचीच वाटेल. आबांची दर दहा मण्यांनंतरची ‘हे माझ्या येशू’ प्रार्थना त्या दिवशी नेहमीपेक्षा दणकून झाली, आणि तिनंही त्यांच्या बरोबरीनं म्हटली.

ऑपरेशन नीट झालं. जरा ताप येत होता म्हणून तिला आठवडाभर ठेवून घेतलं. पुढच्या गुरुवारी भेटीच्या वेळेत आबा माझ्याबरोबर दवाखान्यात आले. महिना संपला होता, माझ्या कागदावर काहीही नव्हतं. आबांनी स्टूल ओढलं, खिशातून माळ काढली.

“घरी म्हणून आलात?” तिनं विचारलं.

“मग? तू सांग, पहिलं.”

तिनं पहिलं सांगितलं. काना सांगितलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवर बाळंतीण होती म्हणून आबा जमेल तितक्या हळू म्हणत होते. तरी दारातल्या वॉर्डबॉयनं वळून पाहिलं. दुसरे दहा मणी संपेपर्यंत तिला झोप लागली. तोंड जरा उघडं, हात त्यांच्या माळेच्या शेपटावर.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. माळ काढून घ्यावी तर ती जागी होणार. ते माझ्याकडे वाकले.

“तिसरं काय गं?”

“देवाच्या राज्याची घोषणा,” मी कानात सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि पुढचा मणी धरला.