शिट्टीला उत्तर नाही

झिबुयिलेला प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी मला तिची किळस आली. मासे धरायला येणाऱ्या गोऱ्यांच्या ट्राउट लॉजच्या हॉलमध्ये चहा, स्कोन म्हणजे त्यांचे गोडसर पाव, वर मलई. टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात मऊ. आणि आमची झिबू डोंगर शोध पथकाचा इस्त्रीचा लाल सदरा घालून पुढे उभी, खांद्यावर तिसऱ्या पायरीची पट्टी. मी तिच्या मावशीची मुलगी. तिच्याएवढीच याच डोंगराच्या पायथ्याशी वाढलेली. टाळी वाजवली नाही. वाजवणार नव्हतेच.

त्याच लॉजच्या स्वयंपाकघरात ती अकरा वर्षं भांडी घासत होती, नंतर मासे साफ करायला लागली. डोंगर शोध पथकात फुकट काम करायला माणसं हवीत, अशी चिठ्ठी तिथंच भिंतीवर लागली होती. पगार नाही, जेवण नाही, बूट आपले. मी म्हटलं, "गोऱ्यांची हौस आहे ती. सुट्टीला आलेले वाट चुकतात, हे त्यांना शोधतात, आणि मग फोटो काढतात."

"म्हणूनच जाते," ती म्हणाली.

कारण आम्हा दोघींना माहीत होतं. आदल्या वर्षी वरच्या वाडीतला एक मेंढपाळ धुक्यात हरवला. शोध दीड दिवसात बंद. त्याच हिवाळ्यात बाहेरदेशाचा एक गिर्यारोहक हरवला, तर नऊ दिवस शोध आणि हेलिकॉप्टर. शोध कधी थांबवायचा हे कोण ठरवतं? तंबूत नकाशापुढे खुर्ची असते, त्या खुर्चीत बसणारा. आणि खुर्चीत बसायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी शोधकाची. दुसरी, पाच जणांच्या तुकडीच्या म्होरक्याची. तिसरी, शोधप्रमुखाची. प्रत्येक पायरीला परीक्षा, डोंगरावरचे तास, नोंदवहीत सह्या.

खुर्चीचं वेड मीच तिच्या डोक्यात भरलं. "बस तिथं," म्हणाले, "आणि आपल्या माणसांसाठी दहा दिवस शोध लाव."

नऊ वर्षं लागली. बर्फात दोर बांधायची परीक्षा तिनं तापात दिली. नकाशाच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, कारण प्रश्न इंग्रजीत आणि वेळ पाऊण तास. ज्या ओढ्यावर ती लहानपणी गुरांना पाणी पाजायची, त्या ओढ्याचं कागदावरचं नाव भलतंच. पण चढली. आमच्या खोऱ्यातून तिसऱ्या पायरीच्या तोंडाशी पोहोचलेली ती पहिली.

शेवटची परीक्षा खऱ्या शोधावर होते. उमेदवारानं प्रमुख म्हणून शोध चालवायचा, परीक्षकानं मागे बसून फक्त लिहायचं. परीक्षक होते राउटेनबाख. सहासष्ट वर्षांचे, गोरे, निवृत्त, दाढी कापलेली आणि पेन्सिल टोकदार.

जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शुक्रवारी सकाळी शोध निघाला. आदल्या दिवशी आमच्या वाडीतली गोगो, म्हणजे आजी, मा-झोंडी विळा आणि दोरी घेऊन घर शाकारायचं गवत कापायला गेली आणि परत आली नाही. वय बहात्तर. रात्री पाणी गोठलं होतं. शाळेच्या मैदानावर तंबू ठोकला गेला, भोवती पिवळी दोरी. झिबू खुर्चीत. मी आणि गवत कापणाऱ्या आमच्या संघटनेच्या चौदा बाया दोरीबाहेर.

झिबूनं तुकड्या पाठवायला सुरुवात केली. नियम असा, की तुकडीनं घळीच्या तोंडाशी थांबायचं, सगळ्यांनी एकदम शिट्टी फुंकायची, मग मिनिटभर गप्प राहून कानोसा घ्यायचा. दोनदा. उत्तर नाही आलं तर ती जागा झाली, पुढे चला.

मी दोरीवरून ओरडले, "अगं झिबू, शिट्ट्या नकोत! शिट्टी ऐकली की ती लपेल!"

हे तिला सांगायची गरज नव्हती. चांगलं गवत असतं राखीव डोंगरावर, आणि परवाना मिळतो चार दिवसांचा. चार दिवसांत छप्पर होतं होय? म्हणून सगळ्या बाया चोरून जातात. रखवालदार शिट्टी फुंकत येतात, विळे हिसकावतात, भारे पेटवतात. शिट्टी म्हणजे पळ किंवा कपारीत शिरून श्वास धर. झिबूची आई अशीच कपारीत बसायची, झिबू तिच्या मांडीवर असायची आणि आईचा हात तिच्या तोंडावर.

झिबूनं माझ्याकडे पाहिलं. मग मागे, राउटेनबाखच्या पेन्सिलीकडे.

"आम्हाला जाऊ दे," मी म्हटलं. "कुळाच्या नावानं हाका मारू. लगेच ओ देईल."

"सिसी," ती म्हणाली, म्हणजे ताई, पण आवाज लॉजवर पाहुण्यांशी बोलतात तसा, "दोरीच्या पलीकडे थांब. प्रशिक्षण नसलेल्यांना आत सोडता येत नाही."

माझ्या बाजूची, आमच्या संघटनेतली मा-खोझा तिथंच थुंकली. "हिच्या आईला रखवालदारांनी झोडपलं होतं ना गं? की दुसरीच होती ती?"

दुसरी तुकडी लाल खडकाच्या घळीशी पोहोचली. शिट्ट्या. मिनिट. पुन्हा शिट्ट्या. वॉकीटॉकीवर आवाज आला, "शिट्टीला उत्तर नाही." झिबूनं नकाशावरची ती घळ हिरव्या रेघांनी भरली. हिरवं म्हणजे तिथं पुन्हा जायचं नाही. शनिवारी सगळा शोध नदीपलीकडे गेला. तिथं कोण जाणार होतं गवताला? पलीकडे नुसता खडक आहे!

रविवारी पहाटे आम्ही पंधराजणी विचारायला न जाता निघालो. लाल खडकाशी पोहोचलो आणि मा-खोझानं गोगोच्या कुळाच्या नावानं हाक दिली, "नोन्दाबा! अहो नोन्दाबा! आम्ही आहोत, घरच्या!"

कपारीतून आवाज आला. बारीक, पण रागातला. "आता येताय? रखवालदार गेले का?"

मांडीचं हाड मोडलेलं. अंगावर गवताचा भारा ओढून घेतलेला, त्यानंच जगली. उजवं पाऊल मात्र काळं पडलं होतं. शुक्रवारी तुकडी उभी होती ती जागा तिथून चाळीस पावलं. मी मोजली, दोनदा.

आम्ही निरोप धाडला तसं पथक वर आलं; राउटेनबाखनं स्ट्रेचरचा पुढचा दांडा धरला आणि चार तास खाली ठेवला नाही, हे मी लिहिते कारण ते खरं आहे. पण त्याच संध्याकाळी त्यांनी जे लिहिलं तेही खरं आहे. 'शोध नियमानुसार निर्दोष. व्यक्ती स्थानिकांना सापडली.' शंभरपैकी चौऱ्याण्णव. सहा गुण कशाचे कापले माहीत आहे? दोरीबाहेरच्या गर्दीला आवरायला वेळ लावला म्हणून!

पाऊल कापलं.

झिबू राउटेनबाखकडे गेली, मीही गेले. ती म्हणाली, "मला नापास करा."

ते खरंच गोंधळले. "कशासाठी? तुमचं काहीच चुकलं नाही."

"ती शिट्टीला लपणार हे मला माहीत होतं."

"उत्तर देणं हे हरवलेल्याचं काम. त्याचे गुण कसे कापणार? तसा रकानाच नाही."

"रकाना नाही," मी म्हटलं. "पाऊलही नाही."

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग म्हणाले, नियम बदलायचा तर समितीला लिहा, समितीत फक्त तिसऱ्या पायरीचे लोक बसतात.

तर असा तो समारंभ झाला. हॉलबाहेर मी तिला गाठलं. "फाड तो कागद. माझ्यासमोर फाड."

"गोगोकडे जाते," ती म्हणाली. "ती म्हणाली फाड, तर फाडते."

दवाखान्यात गोगो भिंतीला टेकून बसली होती, आमासीचा, म्हणजे आंबवलेल्या दुधाचा, वाडगा हातात. झिबू खाटेपाशी गुडघ्यावर बसली, नजर खाली, आणि सगळं सांगितलं. पेन्सिलीचंही. काही लपवलं नाही.

गोगोनं वाडगा संपवला. घाई केली नाही. मग विचारलं, "पाठवणारी तू होतीस?"

"हो, गोगो."

"मी तुझ्या आईबरोबर गवत कापलंय. तिला ठाऊक आहे हे?"

"हो. बोलत नाही माझ्याशी."

"शहाणी आहे." गोगोनं तोंड पुसलं. "त्या खुर्चीत तू नसलीस तर कोण बसेल?"

"राउटेनबाख. किंवा त्यांच्यासारखा."

"त्याला शिट्टीचं ठाऊक होतं?"

"नाही."

"मग तू वाईट. त्याला माहीत नव्हतं, तुला होतं." झिबूनं मान हलवली. "पण पुढच्या वेळी माहीत असलेलंच कोणी बसलेलं हवं. कागद ठेव. समितीत जा, भांड. आणि माफी मागू नकोस, मी देणार नाही. ऊठ आता, गुडघे दुखतील. मला अजून आमासी आण."

मी म्हटलं, "गोगो, हिला एवढ्यावर सोडता?"

"कुठं सोडलं?" म्हातारी माझ्यावरच खेकसली. "खुर्चीचं हिच्या डोक्यात कुणी भरलं होतं? तू गप बस."

झिबू वाडगा घेऊन उठली आणि गेली. मी तिथंच उभी राहिले. त्या लाल सदऱ्याची किळस मला अजून येते, आणि आता बोलायलाही तोंड उरलेलं नाही.