एकच खेप सांगणारे मोठेबाबा

मोठेबाबा कोणतीही गोष्ट दोनदा सांगत नसत. पाहुणा असो, सरपंच असो, घरचं लेकरू असो, त्यांचा हा नियम कुणासाठी मोडला नाही. "एकच खेप सांगन. आयकाचं असन त आयक," असं आधीच बजावायचे. तुम्हाला नेमका तेव्हाच खोकला आला, तर ती तुमची अडचण. पुन्हा विचारलं की ते डावा हात वर करत, पंजा समोर धरत, आणि विषय तिथेच संपे. एकदा त्यांच्या साडूनं आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसून दोन-तीन वेळा "काय म्हणलं जी?" केलं. मोठेबाबांनी पंजा दाखवला, उठले आणि गोठ्यात जाऊन बैलाशी बोलत बसले. तो निदान मधे विचारत नाही, असं वर म्हणाले.

ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मुर्री गावात आमची घरं भिंतीला भिंत लावून, सपरी दोन्ही घरांची मिळून एकच. गोंदिया इतकं जवळ की गावातली माणसं हिंदी-मराठी दोन्हीत भांडतात. मोठेबाबा धान घेऊन गोंदियाच्या गिरणीत जायचे. तिथे नंबर लागायला अर्धा दिवस जायचा, मग ते शेजारच्या टॉकीजमध्ये दुपारचा शो पाहून यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाली की सपरीत सिनेमा सांगायचे. अख्खा मोहल्ला जमायचा. गाणी ते सरळ गाळत, मारामारी दोन वाक्यांत उरकत, आणि शेवट पटला नाही तर बदलत. "शेवट त्यानं बिघडवला होता, मी सुदरवून सांगतलो," हेही निर्लज्जपणे कबूल करत. पुढे त्यांतला एक सिनेमा मी टीव्हीवर पाहिला. मोठेबाबांच्या सिनेमाच्या पासंगालाही तो पुरत नव्हता.

या सगळ्यात एक माणूस कायम उपाशी राहिलं, ते म्हणजे त्यांची बायको, आमची मोठीआई. सिनेमा रंगात यायचा तेव्हा ती भांडी घासत असायची, नाहीतर जनावरांना पाणी दाखवायला गेलेली असायची. सुरुवात मिळायची तर शेवट नाही, शेवट मिळाला तर कोण कुणाचा भाऊ ते कळायचं नाही. संध्याकाळी ती भीत भीत विचारायची, "काय झालं जी मंग त्या पोरीचं?"

"मंघा सांगतलो न. तवा कुठी होतीस?"

"चुलीपाशी होती."

"मंग मी का करू?" आणि पंजा वर.

मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

पण या नियमाचा माझ्यावर एक उपकार आहे. मी सासर सोडून कायमची माहेरी आले, तेव्हा गावात ज्याला त्याला तेच विचारायचं होतं. हातपंपावर, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न, आणि उत्तर दिलं तरी महिन्यानं पुन्हा तोच. मोठेबाबांनीही विचारलं, "जाशीन का परत?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधीही तो विषय काढला नाही. अंगणवाडीत मला काम लागलं त्या दिवशी एवढंच म्हणाले, "लेकरायले खोटं नोको सांगू." त्या घरात मला श्वास घेता आला तो या माणसामुळे.

टीव्हीवर त्यांचा भारी राग. मोठीआईची रात्रीची मालिका सुरू झाली की ते बाहेर बाज टाकत. सून जिन्यावरून पडते, तिचं तोंड तीनदा दाखवतात, सासूचं तीनदा, मधे वीज कडाडते आणि भाग संपतो. दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं तेच पडणं. सकाळी तोच भाग, दुपारी पुन्हा तोच. "लगनाले चाळीस वर्सं झाली, पन मोठीचं तोंड मी एवढ्या खेपा नाई पाहलो," असं ते म्हणायचे. मोठीआई उलट सुनवायची, "माह्यासाठी बरं आहे. चुकलं त दुपारी पाहता येते. कोनी हात नाई दाखवत." त्यावर मोठेबाबा म्हणाले, "कालचं आज पाहाचं, आजचं उद्या पाहाचं. मंग जगाचं कवा?"

दिवाळीच्या तोंडावर, धान कापणीत, त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, ऐकू सगळं येतं, समजतंही, माणसांचं बोलणं कानावर पडू द्या. आता शेतकऱ्याच्या घरात दिवसा बोलायला असतं कोण? त्यांचा मुलगा रमेशदादा हळव्या मनाचा. त्यानं जाऊन भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही आणला आणि बाबांच्या खाटेसमोर बरोबर नजरेच्या उंचीवर बसवला. "बाबाले सिनेमाचा शौक होता," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. सकाळी सगळे वावरात निघाले की टीव्ही सुरू करायचे आणि संध्याकाळी परतल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं तर बंद करायचे.

दिवसाचा टीव्ही म्हणजे काय असतं, ते खाटेवर पडल्याशिवाय कळत नाही. सकाळी रात्रीची मालिका. मग गुडघ्याच्या तेलाची जाहिरात, तीसुद्धा अर्धा तास चालणारी, त्यात तोच म्हातारा रोज काठी फेकून देतो. मग दक्षिणेकडचा सिनेमा, ओठ एक बोलतात आणि आवाज दुसराच. मग पुन्हा तीच मालिका, तीच सून, तोच जिना. मोठेबाबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळायचं. मोठीआई पदरानं पुसायची आणि कौतुकानं म्हणायची, "पाहा, सीन पाहून रडून राहिले." ते मान भिंतीकडे वळवत. आम्ही समजायचो की मान लुळी पडली, आणि उशी लावून पुन्हा सरळ करायचो. हे आम्ही सगळ्यांनी प्रेमानं केलं, याचंच मला राहून राहून वाईट वाटतं.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत गावातली डीपी जळाली आणि दोन-तीन दिवस लाइट नव्हती. अंगणवाडी आटोपून मी दुपारी त्यांना पेज भरवायला जायची. एरवी चार चमच्यांनंतर तोंड मिटणारा हा माणूस त्या दिवसांत वाटी संपवू लागला. अंगणातल्या चिमण्यांकडे बघायचा. लाइट आली, टीव्ही आपोआप बोलू लागला, आणि पेज ओठांवरून परत गळ्यावर ओघळली. मी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डावा हात सरकवत आणला आणि माझं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

संध्याकाळी मी रमेशदादाला सांगितलं.

"त्याईले टीव्ही आवडत नाई, दादा. दिवसभर नोको लावू."

"तुले कसं मालूम? त्याईनं सांगतलं का?"

"हो."

"बोलता येते का त्याईले?" त्याचा आवाज चढला. "दिवसभर बाबा एकटे पडून राह्यतीन, कोनाचा आवाज नाई, काई नाई. मले वावरात जीव लागन का? कामधंदा सोडून तू बसशीन का सारा दिवस?"

मी सारा दिवस बसू शकत नव्हते. शेवटी असं ठरलं की मी असेन तेवढा वेळ टीव्ही बंद, मी निघाले की चालू. म्हणजे अंगणवाडी सुटल्यापासून बायका वावरातून परत येईपर्यंतची दुपार, एवढीच शांतता त्यांच्या वाट्याला आली आणि ती माझ्या हातात होती.

पहिल्या दुपारी मी हुशारी केली. लहानपणी त्यांनीच सांगितलेला, एका हरवलेल्या भावाचा सिनेमा त्यांनाच सांगायला घेतला. वाटलं, खूश होतील. दोन वाक्यं झाली नाहीत तोच डावा हात गोधडीवरून उठला. पंजा समोर. बस! मला इतकं हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, कारण लकवा झाल्यापासून पहिल्यांदाच मोठेबाबा मला जसेच्या तसे भेटले होते.

मग रोज नवं काही आणायचं, हा माझा धंदा झाला. आणि नवं मिळणं किती कठीण असतं! आपल्याही दिवसांत तोच जिना, तीच सून असते. मी अंगणवाडीतून घरी यायला रोज वेगळी गल्ली धरायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या भिंतीवर कुठल्या पक्षाचा रंग चढला, आमगावच्या बाजारात कोण कुणाशी भांडलं, हे सगळं गोळा करून आणायची. एकदा बकरी अंगणवाडीत शिरली आणि तिनं अक्षरांचा तक्ता खाल्ला. लेकरं ओरडत होती, "बाई, तिनं 'क' खाल्ला, आता 'ख' खाऊन राहिली!" त्या दिवशी मोठेबाबांचं अर्धं तोंड हसलं. चुकून काही दुसऱ्यांदा सांगितलं गेलं, की पंजा हजर. आपण मागं काय सांगितलं ते मी विसरायची, ते नाही.

कापणी पुन्हा आली. मोठीआई, दादा, वहिनी सगळे वावरात. मोठेबाबांचं खाणं तुटलं होतं, पण डोळे जागे होते. त्या दुपारी माझ्याकडे काहीच नव्हतं. गावात सामसूम, अंगणवाडीत चार लेकरं, तीही पेंगत होती. मी म्हटलं, बरं, आज बकरीचीच गोष्ट सांगते, हात उठला की थांबेन. मुद्दाम थांबत थांबत सांगितलं. बकरी दारात आली, मी थांबले. तक्त्यापाशी आली, मी थांबले. तिनं 'क' खाल्ला. हात गोधडीवरच होता. ते माझ्याकडे बघत होते, पण अडवत नव्हते. 'ख' खाल्ला, 'ग' खाल्ला, मी वेड्यासारखी अख्खी बाराखडी त्या बकरीला खाऊ घातली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. बायका परत यायच्या आत ते गेले होते.

तेरवीपर्यंत टीव्हीवर चादर टाकून ठेवली होती. डीपी जळाली ते दिवस सोडले, तर वर्षभरात त्या घरात दिवसभर शांतता अशी तेव्हाच झाली, आणि ती ज्याला हवी होती तो माणूस नव्हता. रमेशदादा एकदा त्या चादरीकडे बघत म्हणाला, "खरंच आवडत नव्हता का वं त्याईले?" त्याला उत्तर माहीत होतं, आणि ते त्याला माझ्या तोंडून ऐकवण्याइतकी मी निष्ठुर नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले, चादर निघाली. पुढच्या आठवड्यात दुपारी सवयीनं माझे पाय तिकडेच वळले. मोठीआई एकटीच मालिका पाहत बसली होती. सून पडली, वीज कडाडली. मला पाहून तिनं रिमोट शोधला आणि स्वतःच्या हातानं टीव्ही बंद केला.

"त्या दिवशी तू त्याईले काय सांगून राहिली होतीस वं?"

"बकरीची गोष्ट. कालच त सांगतली तुले, मोठीआई. परवा पन सांगतली."

"मी वावरात होती न तवा," ती म्हणाली. "आणखी एक खेप सांग."

मी तिच्याजवळ बसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. उकाडा किती होता, त्यांची मान कुठल्या बाजूला होती, पेज किती गेली. मग बकरी दारात आली. तक्त्यापाशी आली तेव्हा माझी नजर आपसूक खाटेकडे गेली. खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. माझं बोलणं थांबलं.

मोठीआई जरा पुढे सरकली आणि म्हणाली, "मंग?"