घेवड्याची तार

घेवड्याच्या वेलाला आधार द्यायला काल जुनं खोकं उघडलं, तर गिटारची तार हाताला लागली. लोणावळ्यात आम्हा चौघांचा ब्लूज-रॉक बँड होता, गिटार माझी. पुण्याचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या गावी, वडिवळ्यात, शेजाऱ्यांची आवणी, म्हणजे भाताची लावणी, निघाली. आमची भातखाचरं त्यांनीच लावून दिली होती. आता सावड फेडायला आमच्या घरातलं एक माणूस हवं होतं, आणि वडिलांचा पाय मोडलेला. "आबा, उद्या येतो, दुप्पट काम करतो," मी शेजारच्या म्हाताऱ्यांना विनवलं. "तुमच्या टायमाला आमी उद्या म्हनलो व्हतो का?" एवढंच ते बोलले. मी रोपांची जुडी घेऊन चिखलात उतरलो. दुपारी रस्त्यावर बँडची गाडी थांबली. तिघांनी हाका मारल्या, कितीतरी वेळ हॉर्न वाजवला. माझ्या दोन्ही बाजूंना बायामाणसं वाकलेली. ओळ सोडता येईना. आवणी करताना माणूस मागे मागे सरकतो, त्यामुळे ती गाडी पार वळणापर्यंत मला दिसत राहिली. काल तार खुंट्यांना ताणून बांधली, सवयीने एकदा छेडलीही. मग फोनवर त्या तिघांनी बनवलेला बँडच्या इतिहासाचा व्हिडिओ पाहिला. तो त्या कार्यक्रमापासून सुरू होतो.