बडबड्याला दुःख नसतं म्हणे

मंडळी, किनाऱ्यावरून थेट सायबर कॅफेत आलोय. घरी जाववत नाही.

आज माझ्या मित्राची, दिलीपची, नवी होडी पाण्यात उतरली. देवाला गाऱ्हाणं नेहमीसारखं मीच घातलं. चारचौघांत न लाजता बोलणारा मीच ना! "बा देवा म्हाराजा, ह्या होडीक सांभाळ!" म्हटलं, आणि सगळे ओरडले, "होय म्हाराजा!"

प्रसादाचं खोबरं वाटताना दिलीपला हळूच आईबद्दल म्हटलं, "आवस गेल्यापासून माका घराक जावची भीती वाटता रे."

तो खो खो हसला. "तुका? मेल्या, तुझ्या बडबडीन भुतां पळतली!" मग माझ्या धाकट्या भावाकडे बोट दाखवून म्हणाला, "खरा दुख त्येका झाला. बघ कसो गप आसा."

भाऊ खोबरं खात होता. तो लहानपणापासून असाच गप्प असतो. आई गेली तेव्हा सगळ्यांनी त्यालाच जवळ घेतलं. मला गावभर निरोप द्यायला पाठवलं, कारण मला बोलता येतं.

गावाची गाऱ्हाणी मी घालतो. आज माझं इथे घातलंय. "होय म्हाराजा" म्हणायला कोणी आहे का?