रिव्हर्स घेताना थाप ऐकू आली नाही

मित्रांनो, आज मला सलीमचा फार हेवा वाटला. लपवत नाही.

आम्ही दोघं एकाच मालकाचे ट्रक चालवायचो. मी ते सोडून बीटी कपाशीमागे लागलो, तो चालवतच राहिला. यंदा बोंडअळीनं कपाशी खाल्ली, म्हणून या वयात मी पुन्हा ड्रायव्हरकीला निघालोय. उद्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हिंगची चाचणी आहे.

सकाळी देऊळगाव राजाच्या जिनिंगच्या आवारात त्याच्याच ट्रकवर सराव केला. रिव्हर्स घेताना मी मध्येच थांबलो.

"काऊन थांबला बे?"

"मागून थाप नाही आली."

आमच्या वेळी क्लीनर, आम्हा ड्रायव्हरांच्या बोलीत किन्नर, मागच्या फळीवर थाप मारत राहायचा, तोवर गाडी मागे घ्यायची. थाप थांबली की ब्रेक.

सलीम हसला. "आता किन्नर कुठी राह्यला गड्या? आरशात पाह्य!"

त्यानं आरशात बघत एका झटक्यात गाडी भिंतीशी लावून दाखवली. मी जळलो.

माझ्या पाळीला मी पुन्हा अर्ध्यातच ब्रेक मारला. तेव्हा सलीम स्वतः मागे जाऊन थापा मारू लागला, "येऊ दे, येऊ दे!" गाडी नीट लागली. हेवा मात्र वाढलाच.

उद्या मागे सलीम नसेल. नुसत्या आरशावर भरवसा ठेवायला तुम्ही कसे शिकलात?